तोंडानं नाही म्हणा, हात दाबा

तुमच्या गावात, गल्लीत, नात्यागोत्यात असं एक तरी माणूस आहे का, ज्याच्यापुढे खोटं बोलायची तुम्हाला गरज वाटत नाही? पटकन हो म्हणू नका. नवरा किंवा बायको, आईबाप, जिवलग मित्र, सगळ्यांचे चेहरे एकदा डोळ्यांपुढून जाऊ द्या. शेवटी कुणीच उरलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, बहुतेकांचं असंच असतं. आमच्या गावाला मात्र रूथमावशी मिळाली होती. ती कशी होती ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमचं गाव नेवासा तालुक्यात, शनि शिंगणापूरच्या रस्त्यापासून जरा आत. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण एसटीच्या कंडक्टरपुढे पैसे धरताना तोंडातून अजून नगरच निघतं. त्या नगरच्या एका मोठ्या दवाखान्यात रूथमावशी नर्सिंगच्या मुलींना शरीरशास्त्र शिकवायची. नवरा गेला, नोकरी संपली, तेव्हा ती माहेरच्या गावी परत आली आणि चर्चमागच्या आळीत दोन खोल्यांत राहू लागली. पुढं मोठा ओटा होता. त्या ओट्यावर दर गुरुवारी ती ब्लडप्रेशर बघायची. फी नव्हती. अट एकच होती. हाताला मशीन बांधलेलं असताना बोलायचं नाही.

बुटकी, काटक बाई. साडीच्या खांद्यावर नर्सचं घड्याळ उलटं टाचलेलं. कुणाच्याही मनगटाला हात लावण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा घासायची. "गार हात लावला की माणूस दचकतो, आन दचकलेल्या माणसाची नाडी खोटं बोलती," म्हणायची. तिची मराठी दोन तऱ्हांची होती. शिकवताना इस्त्रीची, प्रत्येक शब्दाला घडी घातलेली. दुखणाईताजवळ बसली की मात्र गावची, माहेरची. पहिली मराठी ऐकू आली की समजायचं, आपण विद्यार्थी आहोत. दुसरी ऐकू आली की समजायचं, आपलं काहीतरी बिघडलंय.

मी तिच्याकडे जायला लागले ते भांडायला. माझे वडील, अण्णा, गावात छोटा छापखाना चालवतात. लग्नपत्रिकांवर पोट भरायचं आणि उरलेल्या कागदावर पत्रकं काढायची, हा त्यांचा आयुष्यभराचा धंदा. भोंदूबाबांविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, पाण्याच्या टँकरमधल्या चोरीविरुद्ध. 'जागे व्हा', 'जाब विचारा', 'फसू नका' ही माझी बडबडगीतं. पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसूनच मी लिहायला शिकले. त्यामुळे चर्चमागच्या ओट्यावर कुणी बाई बायकांना जमवते आहे असं कळल्यावर मला पहिली शंका आली ती ही, की ही आता यांना काय विकणार?

ती परकराचा नाडा विकत होती. म्हणजे शब्दशः तसं नाही. मी गेले तेव्हा ती इस्त्रीच्या मराठीत विचारत होती, "रक्तवाहिनी म्हणजे काय?"

"पाइप," एकीनं सांगितलं.

"तुमच्या शेतातल्या पाइपाला कळतं का, आज उसाला पाणी जास्त पाहिजे आणि कांद्याला कमी?"

"त्याला कसं कळंल वो? त्याला काय डोकं हाय?"

"रक्तवाहिनीला कळतं. चालायला लागलात की पायाच्या वाहिन्या रुंद होतात. जेवलात की पोटाच्या. बरं, मला सांगा, परकराचा नाडा कसा बांधता?"

बायका एकमेकींकडे बघून पदरात हसल्या.

"हसू नका. फार आवळला तर?"

"काच पडतो कमरंला."

"आणि फार सैल सोडला तर?"

"इज्जत जाती, मावशी!" कोपऱ्यातून एक म्हातारी ओरडली, आणि ओटा हसण्यानं हलला.

हसणं ओसरेपर्यंत मावशी थांबली. मग म्हणाली, "तसंच. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतो. त्याला कायम थोडा ताण लागतो. काच पडेल इतका नाही, सुटून पडेल इतका सैल नाही. हा ताण कोण सांभाळतं? वाहिनीला आतून एक अस्तर असतं. एकाच पेशीच्या जाडीचं, गोधडीच्या अस्तरापेक्षा कितीतरी पातळ. रक्त त्याला घासत जातं, आणि घासलं की ते अस्तर एक वायू सोडतं. नायट्रिक ऑक्साइड."

"म्हंजी गॅस झाला की!"

"पोटातला न्हाई, पारूबाई." इथं तिची मराठी एकदम बदलली. "ह्यो वायू दोन-चार येळा पापणी लवंस्तवर जगतो. तेवढ्यात शेजारच्या स्नायूला सांगतो, बाबा रे, सैल हो. सांगितलं की संपला. पुन्हा पाहिजे तर अस्तरानं पुन्हा करायचा."

मग तिनं त्याच पारूबाईच्या दंडाला मशीनचा पट्टा बांधला, हवा भरून रक्त थोडा वेळ अडवलं आणि एकदम सोडलं. पारूबाईनं डोळे मोठे केले. "अगं बया! हात गरम झाला की! मुंग्या धावत्यात." प्रत्येकीला आपला हात पुढे करायचा होता. मावशी सांगत होती, "अडवलेलं रक्त धावत आलं, अस्तराला घासलं, अस्तरानं वायू सोडला, नळ्या उघडल्या. हे मशीन काढलं तरी रोज करता येतं. झपाझप चाला. आणि ती मिश्री सोडा. तंबाखू त्या अस्तरालाच मारते. एकदा अस्तर मेलं की सांगणारं कुणी राहत नाही आणि स्नायू नुसता आवळून बसतो."

मी भांडायला गेले होते ते विसरले. तिनं काही विकलं नाही, पत्रक वाटलं नाही, आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पाटाच्या कडेनं बायकांची रांग चालताना दिसली. आमच्या कुठल्याही पत्रकानं गावात इतकी माणसं हलवली नव्हती.

तिच्या आयुष्यातली एक गोष्ट ती स्वतःहून कुणाला सांगत नसे. मला तिनं सांगितली, कारण मी विचारलं. प्रत्येक दुखणाईताचा हात धरून ती कानाशी काय पुटपुटते, हे मला कळेना. आधी मला वाटलं प्रार्थना असेल. ते मी बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "प्रार्थना मी घरी करते. पेशंटजवळ मी प्रश्न विचारते." आणि मग तिनं बाबूरावांचं सांगितलं.

बाबूराव म्हणजे स्टँडवरचे भजीवाले, पारूबाईंचे मालक. त्यांना छातीत कळ यायची, म्हणून डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी लिहून दिलेली होती. एका दुपारी हॉटेलातच कळ आली. मावशीला बोलावलं. भोवती बायको, जावई, गिऱ्हाइकं. तिनं नियमाप्रमाणं विचारलं, "बाबूराव, ताकदीची गोळी घेतली का?" बाबूराव जावयाकडे बघून म्हणाले, "न्हाई, न्हाई. काय बोलता?" तिनं त्यांचीच कळेवरची गोळी जिभेखाली ठेवली. थोड्या वेळात बाबूराव पांढरे पडले, घाम फुटला, नाडी बोटाखालून निसटली. तिनं पाय वर धरले, गाडीत घातलं. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले.

दिवसकार्य झाल्यावर पारूबाई ओट्यावर आल्या. गादीखाली सापडलेली चूर्णाची पुडी त्यांच्या हातात होती. हायवेच्या कडेला जडीबुटीवाल्यांचा तंबू लागतो, तिथली. पारूबाईंनी विचारलं, "मावशी, ह्ये पण औषिधच असतं व्हय? त्यांनी गोळी न्हाई घेतली, पर ह्ये रोज घ्यायचे."

इथं थोडं शास्त्र सांगावं लागेल. मला ते मावशीनंच समजावलं. अस्तरातला तो वायू स्नायूला 'सैल हो' असा निरोप देतो. निरोप मिळाला की स्नायूच्या आत एक खूण उमटते, आणि ती खूण असेपर्यंत स्नायू सैल राहतो. नंतर ती खूण पुसायचं काम शरीरातच कुणीतरी करतं, नाहीतर ताण परत यायचा कसा? पुरुषपणासाठी घेतात ती ताकदीची गोळी या पुसणाऱ्याचे हात बांधते. खूण टिकते, रक्त टिकतं, काम होतं. जिभेखालची गोळी वेगळं करते. ती तोच वायू बाहेरून आणून शरीरात सोडते. नळ्या सैल होतात, हृदयावरचं ओझं उतरतं, कळ थांबते. आपापल्या जागी दोन्ही गोळ्या चांगल्या. पण दोन्हींची गाठ पडली की निरोपावर निरोप येत राहतात आणि पुसणारा कुणी नसतो. सगळ्या अंगाचा नाडा एकदम सुटतो. दाब कोसळतो. ज्या हृदयासाठी गोळी दिली, त्यालाच रक्त मिळत नाही. आणि तंबूतल्या चूर्णाला झाडपाल्याचं नाव असलं तरी त्यात पुष्कळदा तीच गोळी कुटून घातलेली असते.

"बाबूराव खोटं बोलले नव्हते," मावशी म्हणाली. "मी गोळीचं विचारलं, त्यांनी गोळीचं उत्तर दिलं. प्रश्न माझा चुकला."

मी म्हटलं, ते झटक्यानंही गेले असतील. डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नव्हतं.

"व्हय, आसंल," ती म्हणाली. "पण प्रश्न तर चुकलाच ना."

एवढंच. त्यावर तिनं रडणं-भेकणं केलं नाही. कामाची पद्धत बदलली. आधी प्रश्न लांबला. "गोळी, चूर्ण, काढा, पाक, लाडू, पुरुषपणासाठी कुणी काही दिलंय का?" पण तिच्या लक्षात आलं, की लांब प्रश्नालाही माणूस चारचौघांत एकच छोटं उत्तर देतो. शिंगणापूर इथून जवळ. ती म्हणायची, "दाराला कडी नसलेल्या गावातसुद्धा तोंडाला कुलूप असतंच." म्हणून तिनं उत्तराची जागाच बदलली. नाडी बघायला मनगट धरायचं, दुसरा हात त्याच्या तळव्यात ठेवायचा, कानाशी वाकायचं आणि सांगायचं, "दादा, तोंडानं न्हाई म्हणा. खरंच घेतलं आसंल तर नुसता माजा हात दाबा. ह्या कानाचं त्या कानाला कळणार न्हाई."

तिचं एक वाक्य होतं. "शरीराला लाज नसते. लाज नातेवाइकांना असते." मला ते इतकं आवडलं, की मी लगेच त्यावर पत्रक लिहायला बसले.

पण त्याआधी ती स्वतः तंबूत गेली होती, ते सांगितलं पाहिजे. मी बरोबर होते, रस्त्यापलीकडे स्कूटीजवळ. बरण्यांची रांग, मुळ्या, कसलेसे दात, आणि मागे पैलवानाचं चित्र. मावशी आपली शुभ्र साडी सावरत आत शिरली आणि स्टुलावर बसली.

"शक्तीचं चूर्ण द्या," म्हणाली.

तंबूवाला गडबडला. "आजी, ते पुरुषांचं असतंय."

"मग मालकासाठी द्या."

"वय काय मालकाचं?"

"वारून लई वर्षं झाली. फरक पडंल का?"

शेजारी पुडी बांधून घेणारा एक बुलेटवाला खोकत खोकत बाहेर पळाला. मावशी हसली नाही. पुढं वाकून तिनं तंबूवाल्याला शांतपणे विचारलं, "ह्यात काय कुटता, ते तुला तरी म्हाईत हाय का रं लेकरा?" त्यानं खरं सांगितलं. चूर्ण तयारच येतं, गोणीतून, आणि तो फक्त पुड्या बांधतो. मावशी परत आली तेव्हा मी चिडलेले होते. पोलिसांत जाऊ, तंबू उठवू, अन्न-औषधवाल्यांना कळवू. ती म्हणाली, "कळवू की. कळवायलाच पाहिजे." आणि कळवलंही, माझ्याकडून अर्ज लिहून घेऊन. "पण तंबू उठून पुढच्या गावाला जाईल. ज्याला लाज वाटते तो तिथंही जाईल. लाज कुठल्या खात्याला कळवायची?"

तर माझं पत्रक. मथळा होता, 'लाज सोडा! जीव वाचवा!' अण्णांनी ते वाचून माझी पाठ थोपटली होती. मावशीनं ते ओट्यावर बसून वाचलं आणि चष्मा काढला.

"उद्गारचिन्हं लई झाली गं."

"विषयच तसा आहे, मावशी."

"लाज सोड म्हटलं की सुटते का? ओरडलं की माणूस दचकतो. दचकला की नळ्या आवळतात. शरीरशास्त्र आहे हे, मी नाही सांगत." इस्त्रीची मराठी होती, म्हणजे मी विद्यार्थी होते. "मोकळं करायचं असेल तर इतकं हळू बोलावं लागतं, की त्याला वाटलं पाहिजे आपणच आपल्याशी बोललो."

मला पटलं नाही. आजही अर्धंच पटलं आहे. ओरडल्याशिवाय काही गोष्टी हलत नाहीत, असं मी अजून मानते. टँकरची चोरी हळू बोलून थांबली नसती. पण त्यानंतर जे घडलं, त्यामुळे उरलेलं अर्धं मी तिच्याकडून शिकले.

एका सकाळी मावशी छापखान्यात आली होती. चर्चच्या सुगीच्या सणाची पत्रिका छापायची होती, तिचं ती प्रूफ वाचत होती. आई अण्णांचा डबा घेऊन नुकतीच आली होती. अण्णा मशीनजवळ उभे होते ते एकदम टेबल धरून खाली बसले. हात छातीवर. चेहरा राखेसारखा. वर्षभरापूर्वी त्यांना कळ येऊन गेली होती, तेव्हापासून जिभेखालच्या गोळ्यांची बाटली त्यांच्या खिशात असे. शेजारच्या खतांच्या दुकानातून दत्तूकाका, अण्णांचे धाकटे भाऊ, धावत आले. त्यांनी खिशातून बाटली काढली, गोळी काढली.

"थांबा," मावशी म्हणाली.

ती खाली बसली. तळवे घासले, मनगट धरलं, कानाशी वाकली. काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण अण्णांचं उत्तर साऱ्या छापखान्यानं ऐकलं.

"न्हाई! मला विचारता? मला?"

बरोबरच होतं. त्या तंबूविरुद्ध सगळ्यात जहाल पत्रक अण्णांनीच काढलं होतं. त्यांच्या मागच्या भिंतीवर ते चिकटवलेलं होतं.

मावशीनं थोडा वेळ घड्याळाकडे बघितलं. मग दत्तूकाकांच्या हातातली गोळी घेतली, बाटलीत परत टाकली आणि झाकण लावलं.

"ही द्यायची न्हाई. ॲस्पिरिन हाय का कुणाकडं? ती चावू द्या. आन गाडी काढा."

"आवो बाई, माणूस मरतोय!" काका ओरडले. "डॉक्टरनं लिहून दिल्याली गोळी हाय ती!"

"म्हाईत हाय. नगरला फोन लावा, आम्ही निघालो म्हणून."

"का द्यायची न्हाई, ते तरी सांगा!"

"मला ठीक वाटत न्हाई म्हणून."

शेजारच्या टेम्पोत मागं गादी टाकली. अण्णांचं डोकं आईच्या मांडीवर, हात मावशीच्या हातात. काका सगळ्या वाटेनं बोलत होते. आधी विनवण्या, मग टोमणे. "बाबूरावाला दिली तवा मेला, म्हणून आता आमच्या भावाला द्यायला भ्या वाटतंय व्हय? तुमच्या भ्यापायी आमचा माणूस घालवता का?" मावशीच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ती अण्णांना फक्त सांगत होती, "श्वास घ्या. हळू. आलं नगर."

दवाखान्याच्या दारात ती स्ट्रेचरबरोबर आत धावली आणि तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंच्या कानाशी काहीतरी बोलली. त्यांनी मान हलवली आणि उपचार त्याप्रमाणे केले. हृदयाची नळी उघडून जाळी बसवली. अण्णा वाचले.

खरी परीक्षा तिथून पुढं होती, आणि ती अण्णांची नव्हती.

दत्तूकाकांनी गावभर सांगितलं. पारावर, दुकानात, डेअरीत. रूथबाईनं गोळी हिसकावून घेतली, डॉक्टर होते म्हणून भाऊ वाचला. म्हातारीचा धीर सुटला आता, तिला बोलावत जाऊ नका. लोकांना बाबूराव आठवले. दोन गोष्टी जोडायला कितीसा वेळ लागतो? गुरुवारी ओट्यावरची खुर्ची रिकामी राहू लागली. पारूबाई तेवढ्या यायच्या, न बोलता दंड पुढे करायच्या. सकाळची पाटावरची रांगही तुटत गेली. ज्या बाईनं आयुष्यभर फक्त विश्वासावर काम केलं, तिच्याकडे तेवढंच उरलं नव्हतं.

मी तिच्याकडे गेले. ती ओट्यावर मशीन पुसत बसली होती.

"मावशी, का दिली नाहीत गोळी? काहीतरी कारण असणारच. मला सांगा, मी उद्या छापते."

तिनं पट्ट्याची गुंडाळी केली. "तुझ्या बापाची तब्येत कशी हाय?"

"बरी आहे. पण गाव काय बोलतंय ते ऐकलंत का?"

"ऐकलं."

"मग?"

"पोरी, मी नर्स हाय. पत्रक न्हाई."

मी घरी आले. अण्णा खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मावशी काय म्हणाली ते मी त्यांना सांगितलं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं अण्णांकडे ज्या नजरेनं बघितलं, त्यावरून मला पहिल्यांदा वाटलं, की या घरात काहीतरी सगळ्यांना ठाऊक आहे आणि मला नाही.

पुढच्या गुरुवारी अण्णा उठले. सदरा घातला, काठी घेतली आणि "दत्तूला बोलाव" म्हणाले. आईसह आम्ही चौघं चर्चच्या आळीत गेलो. वाटेत माणसं विचारत होती, कुठं निघालात? अण्णा सांगत होते, "या की बरोबर." ओट्याशी पोचेपर्यंत मागं चांगली दहा-वीस माणसं जमली. पारूबाई आधीच बसलेल्या होत्या.

अण्णा त्या खुर्चीवर बसले आणि बाही वर केली. मावशीनं एकदा गर्दीकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. तळवे घासले. पट्टा बांधला. हवा भरायला घेतली, तोच अण्णा बोलायला लागले. भाषणांची सवय असलेला त्यांचा आवाज त्या दिवशी फुटत होता.

"ऐका. मी तंबूतलं चूर्ण घेत होतो. मी. ज्यानं त्याच्याविरुद्ध लिहिलं, त्यानंच. डॉक्टरांना विचारायची लाज वाटली, म्हणून दुसऱ्या गावच्या तंबूत तोंड बांधून जात होतो. त्या दिवशी सकाळीही घेतलं होतं. बाईंनी विचारलं, तेव्हा तोंडानं नाही म्हणालो आणि त्यांचा हात दाबला. त्यांनी ती गोळी दिली असती, तर दत्तू, आज तू माझ्या वर्षश्राद्धाचे दिवस मोजत बसला असतास. बाईंनी माझा जीव ठेवला आणि माझी अब्रूही. मी मात्र त्यांची अब्रू गावभर…"

"अण्णा," मावशी म्हणाली, "गप बसा. बोलताना प्रेशर चुकतं."

कुणीतरी हसलं. मग सगळेच. अण्णाही हसले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मावशीनं हवा सोडून पुन्हा पहिल्यापासून मशीन लावलं, कारण आधीचा आकडा तिच्या हिशोबी वाया गेला होता. दत्तूकाका बराच वेळ ओट्याच्या कडेला पायाच्या नखानं माती उकरत उभे होते. शेवटी म्हणाले, "बाई, माजंबी बघा." ती म्हणाली, "नंबर लावा." मग त्यांची पाळी आली. मावशी त्यांच्या कानाशी वाकली, आणि काय झालं ते मला माहीत नाही. मला माहीत नाही, हेच बरोबर आहे.

घरी जाताना आई म्हणाली, "मला ठाऊक हुतं. पुडी मी बघितली हुती. मी पण गप बसले." मावशीचं ते नातेवाइकांबद्दलचं वाक्य मला तेव्हा नीट कळलं.

हे सगळं अण्णांच्या सांगण्यावरून लिहिते आहे. "नाव झाकू नकोस," म्हणाले. "आणि उद्गारचिन्हं टाकू नकोस."

मावशी गेल्या उन्हाळ्यात गेली. झोपेत, कुणाला त्रास न देता. मी तेव्हा पुण्यात होते. तिला शेवटचं पाहिलं ते त्याच्या थोडं आधी, गावाहून निघताना. एसटी शिंगणापूरच्या फाट्यावर थांबली होती. भाविकांच्या गाड्या, तेलाच्या बाटल्या विकणारी माणसं, रुईच्या माळा. त्या गर्दीत, उसाच्या रसाच्या गाड्यामागे सावलीत, ती एका ट्रक ड्रायव्हरशेजारी बाकड्यावर बसलेली दिसली. भला दांडगा, दाढीवाला माणूस, परप्रांतातला असावा. तिला त्याची भाषा येत नसणार, त्याला तिची येत असण्याचं कारण नव्हतं. तिचा हात त्याच्या तळव्यात होता आणि तो मान खाली घालून ऐकत होता. मी खिडकीतून हाक मारली, पण गोंगाटात तिला ऐकू गेली नाही. गाडी हलली तेव्हा त्या माणसानं मान वर करून तिच्याकडे बघितलं. फार दिवसांचं ओझं कुणी डोक्यावरून उतरवून घ्यावं, तसा त्याचा चेहरा झाला होता. मग आमची गाडी वळली.

माझी तुमच्याकडे एक मागणी आहे, आणि ती मी हळू आवाजात करते. आज घरातल्या मोठ्या पुरुषाजवळ जरा वेळ बसा. वडील, नवरा, दीर, सासरे, जो असेल तो. तुम्हीच तो पुरुष असाल, तर ज्याच्यापुढे लाज कमी वाटेल अशा एकाजवळ बसा आणि आपलं आपण सांगा. गोळी, चूर्ण, काढा, कुणी दिलेलं काहीही, घेता का, असं बाकीच्यांनी विचारा. उत्तर हो आलं तर रागावू नका, हसू नका, दुसऱ्या कुणाला सांगू नका. फक्त त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जा आणि ते त्यांनी डॉक्टरांना सांगेपर्यंत बाहेर बाकावर बसून राहा.